दोन लिंबांचं चाक

"गेलं काय गं ते चाक भट्टीत?"

ह्यांनी आठवड्यात तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझ्या हातून तव्यावरची पोळी करपली. पहिल्यांदा विचारलं तेव्हा वाटलं, माणसाची गाडीवर माया आहे. दुसऱ्यांदा वाटलं, वय झालं, विसरले असतील. पण आमचे हे, म्हणजे शशिकांत मगदूम, दूध संस्थांची फॅट मोजायची यंत्रं दुरुस्त करत गावोगाव फिरणारे, लग्नाचा वाढदिवस आजवर एकदाही न आठवलेले. अशा माणसाने एका तडकलेल्या चाकाची इतकी चौकशी करावी?

"रांगेत आहे," मी म्हटलं. "नंबर लागला की जाईल."

"तू आहेस की तिथं. जरा पुढं सरकव."

"का? मुहूर्त टळतोय का त्याचा?"

"मुहूर्त कसला! उगंच पडून राहायला नको, एवढंच." असं म्हणून त्यांनी पानातल्या पोळीचं कौतुक केलं. करपलेल्या पोळीचं.

तेव्हा मला खात्रीच पटली.

मी शिरोलीच्या एमआयडीसीत गाड्यांची अलॉय चाकं बनवणाऱ्या कारखान्यात कामाला आहे. एक्स-रे बघते. माणसांचे नव्हे, चाकांचे. ॲल्युमिनियमच्या विटा आणि आदल्या दिवशीची फेकलेली चाकं भट्टीत एकत्र वितळतात, त्या रसातून बारीक बुडबुडे सोडून आतला नको तो वायू हुसकून लावतात, आणि मग खरी गंमत. लोकांना वाटतं रस वरून साच्यात ओततात. तसं नाही. साचा वर असतो, रसाची भट्टी खाली. भट्टीचं झाकण घट्ट लावून आत हवा दाबतात, तसा रस नळीतून सावकाश वर चढतो आणि साच्यात खळखळ न करता पसरतो. खळखळ झाली की पोकळी राहते, आणि पोकळी राहिली की ते चाक कधीतरी, कुठल्यातरी घाटात, कुणाचातरी घात करतं. बाहेरची कड आधी थिजते, मधला भाग शेवटी. मग ते चाक माझ्यासमोर येतं. मी त्याच्या पोटात बघते. निर्दोष निघालं की पाचशे चाळीस अंशांच्या भट्टीत काही तास तापवून पाण्यात बुडवतात, पुन्हा मंद आचेवर मुरवतात, तेव्हा कुठे ते कणखर होतं. मग लेथ, मग रंग.

हे सगळं आधीपासून होतंच. नवीन आलं ते कडं.

साच्यात रस चढायच्या आधी आता मध्ये एक पातळ कडं ठेवतात. त्यात लोखंड आणि निकेलचे इतके बारीक कण असतात की पीठही त्यांच्यापुढे भरड वाटावं. चाकाला धक्का बसला की त्या कणांची मांडणी जराशी हलते आणि तशीच राहते. जुन्या कॅसेटच्या फितीवर गाणं राहायचं, तसा कड्यावर रस्ता राहतो. हेतू चांगला होता. चाकाने किती सोसलंय हे वाचता आलं तर ते तुटायच्या आधी बदलता येईल. कायदाही झाला की खराब चाक भंगारात विकायचं नाही, ज्या कारखान्यात बनलं तिथेच परत पाठवायचं. परत आलेलं चाक पुन्हा पाचशे चाळीसच्या भट्टीतून काढतात. तिथे कडं सगळं विसरून जातं. मग ते कापून वेगळं करतात आणि ॲल्युमिनियम नव्या जन्माला जातं.

पण भट्टीत जायच्या आधी ते वाचायचं एक यंत्र आहे. आमच्याकडे त्याला सगळे चित्रगुप्त म्हणतात.

चित्रगुप्ताला पत्ता कळतो तो खड्ड्यांवरून. प्रत्येक रस्त्याचे खड्डे आणि गतिरोधक वेगळे, त्यांच्यामधली अंतरं वेगळी, म्हणून प्रत्येक रस्त्याचा ठसा वेगळा. गुळगुळीत रस्त्यावर तो आंधळा असतो. त्यामुळे परदेशात हे यंत्र उपाशी मरत असेल, आपल्याकडे मात्र त्याला अजीर्ण झालं. लोकांना कळायला वेळ लागला नाही. मुलीकडचे म्हणायला लागले, "पत्रिका जुळली, आता मुलाचं चाक आणा." पंक्चरवाले चाकांची अदलाबदल करून द्यायला लागले. चांगली, नवीकोरी चाकं घेऊन माणसं आमच्या गेटवर वितळवायला उभी राहायला लागली, आणि त्यांत बायका फार नव्हत्या. आमच्या भागातल्या काही आडरस्त्यांचं डांबरीकरण तर रातोरात झालं. ते रस्ते कुणाच्या फार्महाउसपर्यंत जातात, हे मी सांगायला नको.

मग सरकारने नियम केला की मालकाच्या संमतीशिवाय वाचायचं नाही. पण तोवर आमच्या घरात जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

आमची केतकी तेव्हा चित्रगुप्तावरच कामाला होती. ह्यांच्या जिवलग मित्राच्या मुलाशी तिचं लग्न ठरलेलं. मुलगा दर सोमवारी गाडीने पुण्याला कंपनीत जातो, असं सांगितलं होतं. त्याच्या गाडीचं एक चाक बदलायला आलं, आणि हिने ते वाचलं. गाडी कित्येक महिने इचलकरंजीच्या वेशीबाहेर गेलीच नव्हती. नोकरी नव्हतीच. हळद लागलेल्या अंगाने केतकी बाहेरच्या खोलीत आली आणि म्हणाली, "मी हे लग्न करणार नाही."

"माणसाला विचारायचं सोडून चाकाला विचारलंस?" हे ओरडले.

"माणसाला विचारलं होतं, पप्पा. तो खोटं बोलला."

मांडव उतरला. हे मित्रासमोर मान खाली घालून बसले, आणि त्या खाली घातलेल्या मानेचा सगळा राग तिच्यावर निघाला. ती बॅग घेऊन बाहेर पडली तेव्हा हे माझ्याकडे वळले. "तिच्या दारात पाय ठेवलास, तिच्याशी बोललीस, तर माझ्या गळ्याची शपथ आहे तुला."

आता तुम्ही हसाल. एक्स-रे वाचणारी बाई आणि गळ्याची शपथ! पण ज्याच्या गळ्याची शपथ घातलीय तो माणूस रोज समोर बसून जेवतो, घोरतो, जिने चढताना धापा टाकतो. शपथ मोडायची हिंमत कशी होणार? केतकीचा फोन यायचा, मी कापायची. मग तो यायचा बंद झाला. ती पन्हाळ्याच्या पलीकडे कुठेशी राहते, एवढं उडत उडत कानावर आलं. मागच्या साली ह्यांच्या छातीत कळ आली, तेव्हा मला वाटलं, मी मनातल्या मनात तिच्याशी बोलते, त्याचंच हे.

तर ते चाक.

पुढचं डावं चाक होतं ते. ह्यांचं म्हणणं, निपाणी रस्त्यावर दगड लागला. बुधवारी हे निपाणीला जातात, तिथल्या संस्थांचा वार ठरलेला. मी चाक हातात घेऊन बघितलं. तडा कडेला होता, आतल्या बाजूने. दगड समोरून लागतो. असा तडा कधी जातो, तर गाडी तिरकी जाऊन मोरीच्या कठड्यावर घासली की. आणि हे असे गाडी चालवतात की रस्त्यावरचा कावळासुद्धा उडायची तसदी घेत नाही.

मी ते चाक रांगेतून उचललं आणि परवीनकडे नेलं. परवीन मुल्लाणी आता चित्रगुप्तावर असते. केतकीबरोबरच कामाला लागलेली, कारखान्यातल्या सगळ्यांसारखी मला वहिनी म्हणते.

"संमती?" तिने विचारलं.

"गाडी माझ्या नावावर आहे. बाईच्या नावावर घेतली की सूट मिळत होती."

"म्हंजे मालकीण तुम्ही!"

"कागदावर. स्टिअरिंगला हात लावू देत नाहीत. गिअर नसलेली विजेची गाडी, शेंबडं पोरसुद्धा चालवेल, पण मी विचारलं की म्हणतात, तुला झेपायची नाही."

परवीनने चाक यंत्रात बसवलं. पडद्यावर रेघा धावायला लागल्या. सगळ्यात आधी आलं ते लिंबू.

हे सांगायलाच हवं. नवी गाडी घेतली की आपण चाकाखाली लिंबू ठेवतो आणि ते चिरडत गाडी पुढे काढतो. कड्यावर ते उमटतं: सावकाश बारीकसा चढ, मग एकदम मऊ पडणं, मग गाडी थांबते, कारण सगळ्यांना फोटो काढायचे असतात. बाहेरून आलेला प्रोग्रॅम त्याला 'अज्ञात घटना' म्हणायचा. आमच्या पोरींनी ते खोडून 'लिंबू' असं लिहून टाकलं. आपल्याकडच्या बहुतेक चाकांची पहिली आठवण तीच. आमच्या गाडीचं लिंबू मी माझ्या हाताने ठेवलं होतं. पडद्यावर ते बघून मला उगाच भरून आलं.

"हे बुधवार," परवीन म्हणाली. "निपाणी न्हाई वहिनी. गाडी उलट्या अंगाला जातीया. पन्हाळ्याकडं."

"सगळे बुधवार?"

"गेल्या काही म्हयन्यांतले सगळे. आणि तिथं पोचल्यावर…" ती पडद्याच्या जवळ सरकली. "चालवणारा बदलतोय."

"म्हणजे?"

"हात वेगळा हाय. भाऊजी लांबून हळूहळू ब्रेक दाबत्यात. ह्यो हात नवशिका हाय. गचके बघा. पुढं, मागं, पुढं, मागं."

ज्या स्टिअरिंगला मला हात लावायची बंदी, ते हे दुसऱ्या कुणाच्या हातात देतात. दर बुधवारी.

"बाई आहे का?" मी विचारलं.

"त्ये चाकाला कसं कळंल?" ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "पण एक हात न्हाई वहिनी. चार-पाच हात हाईत."

चार-पाच! मला त्या अवस्थेतही ह्यांच्या छातीतली कळ आठवली. डॉक्टरांनी दगदग करू नका म्हणून सांगितलं होतं.

"आणि हे काय?" मी एका रेघेवर बोट ठेवलं. मला दिसलं होतं, पण तिने म्हणायला हवं होतं. सावकाश बारीकसा चढ. मऊ पडणं. थांबणं.

"लिंबू," परवीन म्हणाली. "दुसरं लिंबू."

श्रावणातला बुधवार होता तो. दसरा नव्हे, पाडवा नव्हे. आणि आमच्याकडे दसऱ्यालाही गाडीला हार आणि नारळ. लिंबू फक्त एकदा, गाडी घरात येते तेव्हा. म्हणजे कुणीतरी आमची गाडी आपली म्हणून, नवी म्हणून, आपल्या दारात उभी केली होती. तिला हळद-कुंकू लावलं होतं. गचके परके असतील, धक्के परके असतील, पण लिंबू? लिंबू घरच्या बाईने ठेवायचं असतं.

"गाव कुठलं दाखवतोय?"

परवीनने एक बटण दाबलं. नाव बघितलं आणि तिचा चेहराच बदलला. तिने पडदा बंद केला.

"ऱ्हाऊ द्या वहिनी. चाक भट्टीत टाका."

"तुला माहीत आहे ते गाव?"

"मला काय बी म्हाईत न्हाई," ती म्हणाली आणि माझ्याकडे न बघता चाक माझ्या हातात दिलं. सगळ्या कारखान्याला माहीत आहे, एक मलाच नाही, असं तेव्हा मला वाटलं.

चाक मी भट्टीत टाकलं नाही. माझ्या एक्स-रेच्या खोलीत, टेबलाखाली ठेवलं.

पुढचे दिवस मी घरात चोरासारखी वावरले. संशयाचं एक बरं असतं, त्याला खुराक लागत नाही, मिळेल त्यावर तो पोसतो. ह्यांनी अंगाचा साबण बदलला, त्यावर पोसला. हे गुणगुणत अंघोळीला गेले, त्यावर पोसला. बुधवारी निघताना मी म्हटलं, "निपाणीला ऊन फार आहे म्हणे, टोपी घ्या." हे म्हणाले, "घेतो की," आणि न घेता गेले. येताना एक डबा आणला, शेंगदाण्याच्या चटणीचा.

"संस्थेतल्या एकानं दिली," हे म्हणाले. "खाऊन बघ."

मी चिमूटभर जिभेवर ठेवली. "ज्या कुणी केलीय तिला मीठ कळत नाही," मी म्हटलं. "आणि तिखट घालायला हात आखडलाय. असली चटणी बायका नवऱ्यांना घालतात तरी कशी?"

हे काहीतरी बोलणार होते. डबा उचलून फ्रीजमध्ये ठेवला, अगदी आत, मागे. मला एक वेळ त्या चार-पाच बायका परवडल्या असत्या. त्या डब्याची एवढी जपणूक नाही परवडली.

संध्याकाळी जेवताना पुन्हा तोच प्रश्न. "ते चाक…"

मी भाताचं पातेलं खाली ठेवलं. "नाही गेलं."

"का?"

"दोन लिंबं आहेत त्यात."

हे जेवायचे थांबले. ज्या माणसाला काहीच लपवायचं नसतं तो विचारतो, लिंबं म्हणजे काय? ह्यांनी विचारलं नाही.

"एक मी ठेवलं होतं," मी म्हटलं. "दुसरं कुणी ठेवलं?"

"वाचलंस तू." आवाज चढवायला गेले, पण तो मध्येच बसला. "मला विचारायचं सोडून चाकाला…"

"तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही निपाणी म्हणाला असतात."

ह्यांनी पाणी प्यायलं. ताटातली शीतं एका कडेला गोळा केली. आमच्या घरी ह्यांना कधी गप्प बसायची वेळ येत नाही, त्यामुळे ते कसं करायचं हेही त्यांना नीट येत नव्हतं.

"नको म्हणत होतो मी तिला," शेवटी म्हणाले. "म्हटलं, गाडी जुनी हाय, लिंबू कशाला? ऐकती कुठं! म्हणाली, माझ्या धंद्याला तर नवी हाय की."

"ती कोण?"

"कोण म्हणजे?" त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं, आणि मला काय वाटलं होतं ते त्यांना आत्ता कळलं. त्यांच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य आलं, मग, देवा, थोडासा अभिमानसुद्धा. "अगं, केतकी!"

मी पातेल्याशेजारीच खाली बसले. परवीनने गावाचं नाव बघून पडदा का बंद केला, ते मला आता कळलं.

मग सगळं बाहेर आलं. ज्या मुलासाठी हे मित्रासमोर लाजले होते, तो पुढे तसाच खोटं बोलून दुसऱ्या एका घराला फसवून गेला. मित्रानेच येऊन कबूल केलं. हे दुसऱ्याच दिवशी केतकीला शोधत गेले. ती त्या गावात बायकांना गाडी शिकवायचं ठरवत होती. दूध घालायला, बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला, बाजाराला, घरात गाडी उभी असून बायका पुरुषांची वाट बघत बसतात म्हणून. तिच्याकडे गाडी नव्हती. ह्यांनी दर बुधवारी आमची दिली. तडा गेला तो एका सुनेच्या हातून, मोरीच्या वळणावर.

"आणि मला सांगितलं का नाही?"

"कुठल्या तोंडानं सांगणार? एवढी शपथ घालून बसलेलो."

"शपथ मला होती. तुमच्या गळ्याची."

"हो."

"आणि तुमच्या गळ्याला ती लागत नव्हती."

मी उठले. दुसरी बाई असती तर बरं झालं असतं, हे मी तेव्हा मनापासून म्हटलं, आणि आजही त्यातलं अर्धं तरी खरं आहे. दुसऱ्या बाईने माझा नवरा नेला असता. ह्यांनी माझी मुलगी माझ्यापासून तोडली आणि स्वतः गुपचूप बुधवारी-बुधवारी भेटून आले. मी फोन कापत होते, ह्यांच्या छातीवर हात ठेवून रात्री श्वास बघत होते, आणि हे तिच्या हातचा चहा पीत होते. परक्या सुनांना माझ्या गाडीवर शिकू देत होते, आणि मला म्हणत होते, झेपायची नाही.

मी फ्रीज उघडला. मागे हात घालून तो डबा काढला आणि उभ्याउभ्या चटणी खाल्ली, बोटांनी, तळ दिसेपर्यंत. मीठ तिला लहानपणापासून कळत नाही. मी हे शिकवायला विसरले नव्हते. ती ऐकायचीच नाही.

"नूतन," मागून ह्यांचा आवाज आला. "पाणी पी. तिखट लागंल."

"लागत नाही. तेच तर म्हटलं मी."

रविवारी सकाळी मी गाडीपाशी उभी राहिले. नवं चाक चकचकत होतं. इतके दिवस स्टेपनीवर भागवून आदल्या संध्याकाळीच घाईघाईत बसवलेलं, त्याला कुणी हळदीचं बोटसुद्धा लावलं नव्हतं. कदाचित माझ्याच एक्स-रेखालून गेलं असेल. मी त्याच्यापुढे एक लिंबू ठेवलं.

हे किल्ली घेऊन आले. "चल, बस."

"आधी म्हणा, सुटली."

"काय?"

"शपथ. सुटली म्हणा. तुम्ही घातलीत, तुम्हीच सोडवायची."

ह्यांनी इकडेतिकडे बघितलं. शेजारचे चौगले फाटकाशी पेपर वाचत उभे होते. एका बड्या दूध संस्थेच्या चेअरमनला तोंडावर बोलणारा हा माणूस, चौगल्यांदेखत खाली मान घालून पुटपुटला, "सुटली."

"ऐकू नाही आलं."

"सुटली गं बाई! सुटली!"

पन्हाळ्यापर्यंत हेच चालवत होते. रस्ता खराब होता आणि मी प्रत्येक खड्डा ओळखत होते, सगळे पडद्यावर बघितलेले. गावाच्या अलीकडे, मोकळ्या माळावर, चार-पाच बायका उन्हाला पदर घेऊन उभ्या होत्या, आणि त्यांच्यामध्ये एक जण हात उंच करून काहीतरी समजावत होती. हात हलवायची ती तऱ्हा मला पाठमोरीसुद्धा ओळखता आली.

गाडी ओळखून ती हसत वळली. मग तिला बाजूच्या सीटवर मी दिसले. हसू होतं तिथेच राहिलं, फक्त डोळे बदलले.

मी ह्यांना म्हटलं, "उतरा."

"अगं, पण…"

"उतरा. आजचा वर्ग माझा."

मी सरकून स्टिअरिंगच्या मागे बसले. केतकी बाजूचं दार उघडून आत आली. दोघींना एकमेकींकडे बघवेना, म्हणून दोघी समोर बघत राहिलो. तिच्या अंगाला ह्यांच्या नव्या साबणाचाच वास होता. मग मला कळलं, तो साबण घरात कुठून आला ते.

"आई," ती म्हणाली. आवाज फाटला, तिने खाकरून तो शिक्षिकेचा केला. "उजव्या पायानं. हळू. अंडं हाय समज पायाखाली."

मी दाबलं. गाडीने असा गचका खाल्ला की माळावरच्या बायका ओरडल्या आणि हे छातीला हात लावून बांधावर बसले.

"काही होत नाही त्यांना," मी म्हटलं. "शपथ सुटलीय."

ती हसायला लागली, आणि हसता हसता तिचं रडू बाहेर पडलं, आणि मी पुन्हा दाबलं. पुढं, मागं, पुढं. जुनं चाक अजून माझ्या टेबलाखाली आहे. ते भट्टीत गेलं का, हे विचारणं ह्यांनी आता सोडलंय. ते तिथेच राहील. आणि हे नवं? कुणाला कधी वाचावंसं वाटलं तर खुशाल वाचावं. आधी एक लिंबू. मग एका जुन्या, सवयीच्या हाताने चालवलेला रस्ता. आणि मग हे, अतिशय वाईट चालवलेलं, कुठेही न जाणारं, एका माळावर गोल गोल.